आधी द्विनेत्री, मग दुर्बीण

दिवाळी असो, वाढदिवस असो की दहावीचा निकाल, विज्ञानाची आवड असलेल्या मुलासाठी अलीकडे एक भेट हमखास ठरलेली असते: टेलिस्कोप. खोक्यावर शनीच्या कड्यांचे झगझगीत चित्र असते आणि '५२५ पट मोठे दिसेल' असा ठळक दावा. खोके घरी येते, आईबाबा आणि मूल मिळून नळी तिपाईवर चढवतात आणि त्या रात्री गच्चीवर जे घडते ते बहुतेक घरांत सारखेच असते. तिपाई डुगडुगते. तारा नळीच्या टप्प्यात येत नाही आणि आलाच तर क्षणात सरकून जातो. सर्वांत मोठ्या पटीचे भिंग लावले की सगळे पुसट होते. महिन्याभरात नळी माळ्यावर जाते. पैसे वाया गेल्याची हळहळ थोडे दिवस टिकते. पण 'आकाशातले काही आपल्याला जमणार नाही' ही मुलाची समजूत पुष्कळदा कायमची होते. खरे नुकसान ते आहे.

यात दोष मुलाच्या चिकाटीचा नसून उपकरणाच्या निवडीचा आहे. आकाश पाहायला शिकणाऱ्याचे पहिले उपकरण टेलिस्कोप नसावे. हातात धरायची द्विनेत्री, म्हणजेच बायनॉक्युलर असावी. अनुभवी आकाशनिरीक्षक नवख्यांना हे नेहमीच सांगत आले आहेत. तरीही दुकानात आणि ऑनलाइन बाजारात जिंकतो तो पटीचा आकडाच.

पटीचा मोह

वस्तू किती पट मोठी दिसते, यावर दुर्बिणीची योग्यता ठरत नाही. ती किती प्रकाश गोळा करते आणि किती रेखीव प्रतिमा देते, हे महत्त्वाचे. समोरच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपर्यंतच वर्धनाचा उपयोग होतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पट ही जवळजवळ शेवटची मर्यादा. त्यापुढे प्रतिमा फक्त फुगते, तपशील वाढत नाही. ५२५ पटीचा दावा भिंगे एकावर एक चढवून गणिताने खरा ठरवता येतो, डोळ्याला त्यातून काही मिळत नाही.

वर्धन वाढले की दिसणारा आकाशाचा तुकडाही लहान होतो. बहुतेक टेलिस्कोपमधून एका वेळी जेमतेम एक अंश आकाश दिसते. पट वाढवली की त्याहूनही कमी. ज्याला अजून नक्षत्रे ओळखता येत नाहीत, त्याच्यासाठी हे कुलुपाच्या भोकातून गाव शोधण्यासारखे आहे. १० पटीच्या चांगल्या द्विनेत्रीतून सुमारे साडेसहा अंश आकाश दिसते. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश रुंद असतो; म्हणजे तेरा चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढी ही खिडकी आहे. शिवाय प्रतिमा सुलटी दिसते, दोन्ही डोळे वापरले जातात आणि डोळ्यांनी पाहिलेल्या ताऱ्याकडे द्विनेत्री नेली की तो लगेच सापडतो. नवख्याचा उत्साह टिकायला हे 'सापडणे' फार महत्त्वाचे असते.

दोन आकड्यांचा अर्थ

प्रत्येक द्विनेत्रीवर ७×५०, ८×४२, १०×५० असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा पट सांगतो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ५० मिलिमीटरचे भिंग अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे ५० पट जास्त प्रकाश गोळा करते. साध्या डोळ्यांना जिथे काळोख दिसतो, तिथे द्विनेत्रीतून तारे दिसू लागतात ते यामुळेच.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की आणखी एक उपयुक्त आकडा मिळतो: द्विनेत्रीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी. ७×५० मध्ये ती सुमारे ७ मिलिमीटर, १०×५० मध्ये ५ आणि ८×४२ मध्ये सव्वापाच. विशीतल्या माणसाची बाहुली काळोखात साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तशी ही क्षमता कमी होते आणि पन्नाशी-साठीत अनेकांची बाहुली ५ मिलिमीटरच्या आसपासच थांबते. मग ७ मिलिमीटरच्या झोतातला बाहेरचा प्रकाश बाहुलीच्या कडेवर पडून वाया जातो. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि शहराच्या उजळलेल्या आकाशाखाली पाहणाऱ्यांनी ७×५० पेक्षा १०×५० निवडणे शहाणपणाचे. वर्धन थोडे जास्त असल्याने शहरी आकाशाची करडी पार्श्वभूमीही त्यातून जरा गडद दिसते.

१०×५० द्विनेत्रीचे वजन मात्र ८०० ग्रॅम ते एक किलोच्या घरात जाते. लहान मुलांचे हात आणि ज्येष्ठांचे खांदे त्याने लवकर दमतात. त्यांच्यासाठी ८×४२ उत्तम. ती हलकी असते, हाताचा कंप तिच्यात कमी जाणवतो आणि दिवसा पक्षी पाहायलाही हाच आकार सोयीचा. भिगवणला रोहित पाहायला आणि रात्री कृत्तिका पाहायला एकच उपकरण चालत असेल, तर ते कपाटात पडून राहण्याची शक्यता कमी. घरासाठी एकच द्विनेत्री घ्यायची असेल, तर ८×४२ किंवा १०×५० यांपैकी एक घ्यावी आणि तिथेच थांबावे.

१० पटीच्या पुढे हात साथ देत नाही. हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो आणि तारे नाचू लागतात. १५×७० किंवा २०×८० ही उपकरणे चांगली असली तरी त्यांना तिपाई लागते आणि तिपाई आली की सहजता संपली. '१० ते ३० पट' असे सांगणाऱ्या झूम द्विनेत्री तर टाळाव्यातच. त्यांतून दिसणारे आकाश अरुंद असते, प्रतिमा अंधूक असते आणि दोन्ही नळ्यांचे जुळणे सहज बिघडते.

दुकानात काय पाहावे

द्विनेत्री शक्यतो हातात घेऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावी. तपासणीला पाच मिनिटे पुरतात. पहिली गोष्ट समोरच्या भिंगांचा रंग. फिकट हिरवट किंवा जांभळी झाक चांगल्या लेपाची खूण असते. आरशासारखी लालभडक चमकणारी भिंगे दिसायला आकर्षक असली, तरी ती प्रकाश परतवून लावतात. आकाशदर्शनासाठी ती नकोत. दुसरी गोष्ट, द्विनेत्री हातभर दूर धरून उजेडाकडे रोखावी आणि डोळ्यांकडच्या भिंगात दिसणारी प्रकाशाची टिकली पाहावी. ती पूर्ण गोल असेल तर आतले लोलक चांगल्या काचेचे, बहुधा बीएके-४ जातीचे असतात. टिकलीच्या कडा कापल्यासारख्या, चौकोनी दिसल्या तर काच हलकी समजावी.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची. दूरच्या इमारतीची कड किंवा पाटीवरची अक्षरे मिनिटभर सलग पाहावीत. प्रतिमा दुहेरी दिसत असेल किंवा कपाळावर ताण जाणवत असेल, तर दोन नळ्या समांतर नाहीत. अशी द्विनेत्री कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मेंदू दोन प्रतिमा ओढूनताणून जुळवत राहतो आणि अर्ध्या तासात डोके दुखू लागते. ऑनलाइन खरेदी करायची असेल तर परत करण्याची मुदत आधी पाहावी आणि त्या मुदतीत एका रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर रोखून पाहावे. मधोमध धरलेला तारा टाचणीच्या टोकासारखा दिसायला हवा.

चष्मा असणाऱ्यांनी 'आय रिलीफ' हा आकडा विचारावा. डोळा भिंगापासून किती अंतरावर ठेवला तरी पूर्ण दृश्य दिसते, हे तो सांगतो. चष्म्यासह पाहायचे तर तो १५ मिलिमीटर किंवा अधिक हवा. फक्त लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून, द्विनेत्रीचे चाक फिरवून प्रतिमा स्पष्ट करता येते. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा ठेवूनच पाहावे लागते.

घरी आणल्यावर एक काम बहुतेक जण करत नाहीत आणि मग 'नीट दिसत नाही' म्हणतात. आधी बिजागरी वाकवून दोन्ही नळ्यांतले अंतर आपल्या डोळ्यांतल्या अंतराएवढे करावे, म्हणजे दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ दिसते. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला प्रतिमा स्पष्ट करावी. नंतर डावा डोळा मिटून फक्त उजव्या नळीवरचे कडे फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करावी. दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक एवढ्याने भरून निघतो. ही जुळवणी करूनही एकाच डोळ्याला तारा फाटलेला किंवा वलयात अडकलेला दिसत असेल, तर द्विनेत्री उलटी धरून... नव्हे, दुसऱ्याला पाहायला देऊन खात्री करावी. दुसऱ्याला तो स्वच्छ दिसला, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

पहिला धडा अंधाराचा

द्विनेत्री घेतल्यानंतरही पहिले काही दिवस ती गळ्यातच असू द्यावी. आधी नुसत्या डोळ्यांनी सात-आठ नक्षत्रे ओळखायला शिकावे. मराठी माणसाला नक्षत्रांची नावे पाठ असतात, पण ती पावसाच्या संदर्भात. जूनमध्ये 'मृग लागला' म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. त्यामुळे त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याच्या उजेडात लपलेले असतात. मृग रात्री पाहायचा तो हिवाळ्यात. पंचांगातल्या शब्दांना असा आकाशातला पत्ता मिळू लागला की अर्धे काम झाले.

दुसरी तयारी डोळ्यांची. उजेडातून काळोखात आल्यावर बाहुली काही सेकंदांतच मोठी होते; पण दृष्टिपटलातल्या दंडपेशींना पूर्ण संवेदनशील व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. अंधुक प्रकाश टिपणारे त्यांच्यातले रंगद्रव्य उजेडात विघटित होते आणि काळोखात हळूहळू पुन्हा तयार होते. ते तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागते; त्याच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो तो याचमुळे. अर्ध्या तासाची ही कमाई मोबाइलच्या पडद्याकडे टाकलेली एक नजर घालवते. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावावा आणि नकाशाचे अॅप वापरायचेच असेल तर लाल पडद्याच्या सोयीचे वापरावे.

उभे राहून मान मागे टाकणे दहा मिनिटांत त्रास देते. चटईवर उताणे पडावे किंवा आरामखुर्चीत टेकावे आणि कोपरे छातीला किंवा हातांवर टेकवावीत. एवढ्यानेही हाताचा कंप बराच कमी होतो. गावाकडे शेतात किंवा माळावर जायचे असेल तर बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सोबत, या तिन्ही गोष्टी हव्यात.

काय पाहावे, कधी पाहावे

सुरुवात चंद्रापासून करावी, पण पौर्णिमेच्या नाही. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नसतात आणि विवरे सपाट दिसतात. शुद्ध चतुर्थी ते दशमी हे दिवस चांगले. अष्टमीच्या संध्याकाळी उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरे आणि डोंगर सावल्यांमुळे उठून दिसतात. अंधुक वस्तूंसाठी मात्र अमावास्येच्या आसपासच्या रात्री राखून ठेवाव्यात. भिंतीवरची तिथी दाखवणारी दिनदर्शिका हे मराठी घरातले तयार वेळापत्रकच आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस सरल्यावर, देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. द्विनेत्रीत ती लांबट, धूसर पट्ट्यासारखी दिसते. डिसेंबर-जानेवारीत कृत्तिका: नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे, द्विनेत्रीत डझनावारी. शेजारी रोहिणीचा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा पुंजका. मग मृग. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली अंधुक ताऱ्यांची छोटी ओळ आहे. तिच्या मधला 'तारा' द्विनेत्रीत ढगासारखा दिसतो. नवे तारे जिथे जन्म घेत आहेत तो हा तेजोमेघ सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे. मार्चमध्ये पुष्य नक्षत्रातला तारकापुंज, जो काळोख्या ठिकाणी डोळ्यांना केवळ धुरकट ठिपका वाटतो आणि द्विनेत्रीत मधमाश्यांसारखा विखुरतो. एप्रिल-मेमध्ये सप्तर्षीतले वसिष्ठ आणि अरुंधती.

महाराष्ट्राच्या अक्षांशाचा एक खास लाभ मे महिन्यात मिळतो. नरतुरंग तारकासमूहातला 'ओमेगा सेंटॉरी' हा गोलाकार तारकागुच्छ, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा, पुण्याहून दक्षिण क्षितिजावर सुमारे २४ अंश उंच येतो. लंडनला तो कधी उगवतच नाही. काळोखे दक्षिण क्षितिज मिळाले तर द्विनेत्रीत तो कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. आणि जेव्हा गुरू आकाशात असेल, तेव्हा कोपरे घट्ट टेकवून त्याच्याकडे पाहावे. त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत दिसणारे बारीक ठिपके म्हणजे गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले चंद्र. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतात. पृथ्वीभोवती न फिरणारेही काही आकाशात आहे, हे माणसाला याच ठिपक्यांनी पटवले.

मर्यादा आणि एक सक्त ताकीद

द्विनेत्रीतून शनीची कडी दिसत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. त्यासाठी किमान २५-३० पट वर्धन लागते. गॅलिलिओलाही आपल्या सुमारे २० पटीच्या दुर्बिणीतून कडे ओळखता आले नव्हते. पण शनी पाहण्यासाठी लगेच टेलिस्कोप विकत घेण्याची गरज नाही. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, इतर शहरांतही हौशी गट आहेत. त्यांच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत मोठ्या दुर्बिणीतून शनी पाहता येतो. वर्षभर द्विनेत्री वापरलेल्याला पुढे कोणता टेलिस्कोप हवा, किंवा हवा की नाही, हेही तिथे कळते.

द्विनेत्री म्हणजे मुलांचे खेळणे, हा समजही बाजूला ठेवावा. इंग्लंडमधले शालेय शिक्षक जॉर्ज अल्कॉक यांनी हजारो ताऱ्यांच्या जागा पाठ केल्या होत्या. १९८३ साली त्यांनी घरातल्या बंद खिडकीच्या काचेतून, द्विनेत्रीने, एक नवा धूमकेतू शोधला. १९९६ साली उघड्या डोळ्यांना दिमाखात दिसलेला धूमकेतू जपानच्या युजी ह्याकुताके यांना सापडला तोही मोठ्या द्विनेत्रीनेच.

ताकीद एकच, पण ती घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी: द्विनेत्री सूर्याकडे कधीही, एक क्षणही रोखू नये. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत; ते भाजले तरी त्या वेळी कळत नाही, दृष्टीतला डाग नंतर उमगतो आणि तो कायमचा असू शकतो. ग्रहणाचा चष्मा घालून द्विनेत्रीतून पाहणेही तितकेच घातक, कारण एकवटलेला प्रकाश तो चष्मा जाळू शकतो. सौर फिल्टर लागतो तो समोरच्या भिंगांवर, आणि तोही जाणकारांच्या देखरेखीखाली. दिवसा पक्षी पाहणाऱ्या मुलांजवळ मोठ्यांनी थांबावे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, भिंगांवर बुरशी चढते आणि ती एकदा आत शिरली की सहज निघत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली तर द्विनेत्री अनेक वर्षे टिकते.

शाळांचे गणित

हाच हिशेब शाळांनीही करावा. विज्ञानाच्या निधीतून एक टेलिस्कोप घेतला जातो, उद्घाटन होते आणि नंतर तो प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद राहतो. कारण तो जुळवणे एखाद्याच शिक्षकाला जमते. आकाशदर्शनाच्या रात्री ६० मुलांचा वर्ग रांगेत उभा राहिला, तर प्रत्येकाला एक मिनिट देतानाच एक तास संपतो. त्या एका मिनिटात मूल स्वतः काहीही शोधत नाही, दुसऱ्याने लावून दिलेले पाहते आणि पुढे सरकते. त्याऐवजी दहा द्विनेत्री असतील, तर एका द्विनेत्रीमागे सहा मुले आणि प्रत्येकाला त्या तासात दहा मिनिटे मिळतात. मुले एकमेकांना तारा दाखवतात, चुकतात, पुन्हा शोधतात. शिकणे ते हेच.

यासाठी काळोख मात्र हवा. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. ही गोष्ट अभिमानाची आहे. पण ज्या गावांत आजही आकाशगंगा दिसते, तिथे रस्त्यावरचे नवे दिवे वर आणि आडवा उजेड फेकू लागले आहेत. दिव्याला झाकण लावून प्रकाश जमिनीकडे वळवणे फार खर्चाचे नाही, ग्रामपंचायतीच्या एका ठरावाने ते होऊ शकते. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे अंदाजपत्रक करताना शाळांनी एका मोठ्या नळीऐवजी दहा साध्या द्विनेत्री मागाव्यात आणि त्यासोबत मैदानाचे दिवे महिन्यातून एक रात्र बंद ठेवण्याची परवानगीही मागावी.